कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत : बॉबलच्या उठावाचे क्रोशाचे दुपटे

क्रोशाचे चौरस दुपटे सरळ ओळींत विणायला घेतले, की पहिलीच अडचण साखळीची येते. सुरुवातीलाच शंभर-दीडशे साखळ्या मोजून घालाव्या लागतात, त्या जरा आवळल्या गेल्या तर खालची कड आत ओढली जाते, आणि रुंदी किती ठेवायची हे एकही ओळ विणण्याआधी ठरवून टाकावे लागते. कोपऱ्यातून तिरके विणताना यातले काहीच करावे लागत नाही. एका छोट्या चौकटीपासून काम सुरू होते, प्रत्येक ओळीत एक चौकट वाढते, हवा तेवढा मोठा त्रिकोण झाला की प्रत्येक ओळीत एक चौकट कमी होऊ लागते आणि शेवटी समोरच्या कोपऱ्यात पुन्हा एकच चौकट उरते. दुपट्याचा आकार अर्धे काम झाल्यावर, हातातली लोकर पाहून ठरवता येतो.

या विणीत उठाव आणायचा असेल तर आलेख काढण्याची गरज नाही, ही गोष्ट मला तिच्यातली सर्वांत सुंदर वाटते. तिरक्या ओळींना क्रमांक दिले आणि फक्त सम क्रमांकाच्या ओळींत फुगीर, म्हणजे बॉबलच्या चौकटी घातल्या, तर दुपटे सरळ धरून पाहिल्यावर त्या आपोआप बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक बसतात. सम ओळीतल्या प्रत्येक चौकटीचे चारही शेजारी विषम ओळींत असतात, एवढेच त्याचे कारण आहे. पुढे दिलेली सर्व कृती या एका नियमावर आणि ‘कडेच्या चौकटी नेहमी साध्या’ या दुसऱ्या नियमावर उभी आहे.

शब्द आणि साहित्य

आपल्याकडे क्रोशाच्या टाक्यांची नावे घराघरांत थोडी बदलतात, म्हणून येथे कोणता शब्द कशासाठी वापरला आहे ते आधी सांगतो. दोरा सुईवर घेऊन फासातून ओढला की एक साखळी होते. वेढा न घेता (म्हणजे सुईवर आधी दोरा न गुंडाळता) घरात, म्हणजे ज्या छिद्रातून टाका काढायचा त्यात, सुई घालून दोरा वर काढायचा आणि सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम ओढायचा, तो मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेऊन, घरातून दोरा वर काढून, दोन-दोन फास करून दोन वेळा ओढायचा, तो खांब. घरात सुई घालून दोरा थेट सुईवरच्या फासातूनही ओढून घेतला की ती स्लिप स्टिच. इंटरनेटवरचे नमुने पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आपल्या खांबाला अमेरिकन पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश पद्धतीत त्यालाच ट्रेबल म्हणतात. ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि या गोंधळात कित्येकांची चौकट निम्म्या उंचीची होते.

लोकर मध्यम जाडीची, म्हणजे जिच्या वेष्टनावर ४ ते ४.५ मिलिमीटरची सुई सुचवलेली असते अशी घ्यावी. तोरणे, ताटावरचे रुमाल आणि रुखवतातले क्रोशाचे काम ज्या बारीक पोलादी सुईने होते ती येथे चालणार नाही. कोकणात किंवा मुंबईत वापरायचे दुपटे असेल तर सुती धागा बरा, कारण बॉबलमुळे वीण दुहेरी जाड होते आणि दमट हवेत ॲक्रिलिक उबवते. मात्र सुती दुपटे जड होते, हेही लक्षात घ्यावे. नाशिक-पुण्याच्या थंडीसाठी मऊ ॲक्रिलिक उत्तम. सर्व गुंडे एकाच रंगघाणीचे, म्हणजे वेष्टनावर एकच लॉट नंबर असलेले घ्यावेत, कारण तिरक्या विणीत रंगातला किंचित फरकही कर्णावर ठळक पट्ट्यासारखा दिसतो. याशिवाय दोऱ्याची टोके विणीत लपवण्यासाठी जाड टोकाची शिवायची सुई, कात्री, टेप, वेगळ्या रंगाचा थोडा धागा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा जवळ ठेवावा.

साधी चौकट

प्रथम सहा साखळ्या घालाव्यात. सुईपासून चौथ्या साखळीत एक खांब घालावा, मग पाचव्या आणि सहाव्या साखळीत एकेक खांब घालावा. सोडलेल्या तीन साखळ्या एका बाजूला उभ्या राहतात आणि त्यांच्या शेजारी तीन खांब येतात. ही पहिली चौकट आणि हीच पहिली ओळ. साखळीत खांब घालताना सुई साखळीच्या पाठीमागच्या उंचवट्यात घातली तर कड अधिक नीट येते, परंतु नवशिक्यांनी त्यासाठी अडून राहू नये.

उभ्या तीन साखळ्यांच्या खाली जी पोकळी राहते तिला पुढे ‘साखळीचे घर’ म्हटले आहे. पुढच्या ओळीचा प्रत्येक सांधा याच घरात होतो, म्हणून ते ओळखता येणे हाच या विणीचा पाया आहे. खांबांच्या मधल्या फटीही जवळजवळ तशाच दिसतात आणि पहिल्या दहा-बारा चौकटींत सुई हमखास त्यांत जाते. शंका आली तर बोटाने तीन साखळ्यांचा दांडा थोडा बाजूला ओढून पाहावा; त्याच्यामागे जी मोकळी जागा दिसते तेच घर.

दुसऱ्या ओळीसाठी काम उलटावे, सहा साखळ्या घालाव्यात आणि पुन्हा चौथ्या, पाचव्या व सहाव्या साखळीत एकेक खांब घालावा. आता हातात दोन चौकटी आहेत, पण त्या फक्त एका कोपऱ्यात जोडलेल्या आहेत. पहिली चौकट अशी फिरवावी, की तिच्या तीन साखळ्या नव्या चौकटीला लागून वरच्या बाजूस येतील. तिच्या साखळीच्या घरात स्लिप स्टिच घालावी, तीन साखळ्या घालाव्यात आणि त्याच घरात तीन खांब घालावेत. दुसरी ओळ पूर्ण झाली. तिच्यात दोन चौकटी आहेत. हे चौकट फिरवणे वाचताना अवघड वाटते, परंतु हातात लोकर घेतल्यावर ती दुसरीकडे वळतच नाही.

तिसरी ओळ तशीच : काम उलटावे, सहा साखळ्यांवर एक चौकट करावी, मागच्या ओळीतल्या जवळच्या साखळीच्या घरात स्लिप स्टिच, तीन साखळ्या व तीन खांब, मग पुढच्या घरात पुन्हा स्लिप स्टिच, तीन साखळ्या व तीन खांब. तिसऱ्या ओळीत तीन चौकटी झाल्या. वाढत्या भागात ओळीचा क्रमांक आणि चौकटींची संख्या नेहमी सारखीच असते, त्यामुळे दर ओळीच्या शेवटी चौकटी मोजल्या की आपण कुठे आहोत हेही कळते आणि एखादे घर सुटले असेल तर तेही लगेच उघडे पडते.

बॉबलची चौकट

बॉबल म्हणजे एकाच घरात घातलेले अनेक अपुरे खांब वर एकत्र बांधणे. वेढा घ्यावा, घरात सुई घालून दोरा वर काढावा, पुन्हा दोरा घेऊन फक्त दोन फासांतून ओढावा आणि खांब तेथेच अर्धवट सोडावा. सुईवर दोन फास राहतील. त्याच घरात असेच आणखी तीन अपुरे खांब घालावेत. दर खेपेस सुईवर एक फास वाढतो आणि चार अपुरे खांब झाल्यावर पाच फास असतात. आता दोरा घेऊन पाचही फासांतून एकदम ओढावा. पफ आणि पॉपकॉर्न हे याचेच भाऊबंद आहेत, पण पफमध्ये नुसते लांब फास एकत्र बांधतात आणि पॉपकॉर्नमध्ये पूर्ण झालेल्या खांबांतला पहिला व शेवटचा जोडतात. दुपट्याला बॉबलच योग्य, कारण पफचे सैल फास बाळाच्या बोटांत अडकतात, आणि पॉपकॉर्नसाठी प्रत्येक वेळी सुई फासातून काढावी लागते.

बॉबलच्या चौकटीची कृती अशी : मागच्या ओळीच्या साखळीच्या घरात स्लिप स्टिच, तीन साखळ्या, त्याच घरात एक खांब, एक बॉबल आणि पुन्हा एक खांब. मधल्या खांबाची जागा बॉबलने घेतली आहे. बाकी चौकट तीच राहते आणि तिच्या तीन साखळ्यांना काहीही धक्का लागत नसल्यामुळे पुढच्या ओळीचा सांधा नेहमीसारखाच होतो. अनेक जण बॉबल बंद केल्यावर एक साखळी घालतात. येथे ती घालू नये, कारण तिच्यामुळे चौकट रुंदावते आणि कापड लाटेसारखे उठते. त्याऐवजी बॉबलनंतरचा खांब किंचित आवळून घालावा. बॉबलला पुढे ढकलण्याचे काम तोच करतो.

आता या विणीतली खरी मेख. बॉबल विणणाऱ्याच्या समोरच्या बाजूला फुगत नाही. तो कापडाच्या मागच्या बाजूला फुगतो. प्रत्येक ओळीनंतर आपण काम उलटतो, त्यामुळे सर्व ओळींत बॉबल घातले तर निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला जातात, आणि दोन्ही बाजू अर्धवट दिसतात. केवळ सम ओळींत बॉबल घातल्यावर ते सगळे एकाच बाजूला येतात, आणि विषम ओळी विणताना जी बाजू आपल्यासमोर असते तीच दुपट्याची सुलट बाजू ठरते. तिसरी ओळ संपल्यावर समोर असलेल्या बाजूला वेगळ्या रंगाचा धागा एका खांबात गुंतवून ठेवावा. तो समोर दिसत असताना बॉबल घालायचा नाही. तो पाठीमागे असताना घालायचा.

दुसरा नियम कडेचा. सम ओळीतही पहिली आणि शेवटची चौकट साधीच ठेवावी. ही सजावटीची हौस नाही. वाढत्या भागात पहिली चौकट सहा साखळ्यांवर होते आणि एका साखळीत बॉबल दाटीवाटीने बसतो. घटत्या भागात ओळीच्या सुरुवातीला मागच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीवरून स्लिप स्टिचने जावे लागते आणि बॉबलच्या डोक्यावरून ती नीट जात नाही. शिवाय शेवटी काठ घालताना सपाट कड असली तर टाके एकसारखे पडतात. या नियमाप्रमाणे दुसऱ्या ओळीत दोन्ही चौकटी कडेच्या असल्यामुळे एकही बॉबल नाही, चौथ्या ओळीत मधल्या २ चौकटी बॉबलच्या, सहाव्या ओळीत ४, आठव्यात ६, आणि पुढे असेच.

नमुना, माप आणि लोकरीचा हिशेब

दुपटे सुरू करण्यापूर्वी ५ चौकटी रुंद व ५ चौकटी उंच असा छोटा नमुना संपूर्ण विणून पाहावा. त्यात ९ तिरक्या ओळी होतात आणि वाढ, घट, बॉबल या तिन्हींचा सराव होतो. नमुना पाण्यातून काढून वाळवावा आणि मगच मोजावा. समजा त्याची बाजू ११ सेंटिमीटर भरली, तर एक चौकट २.२ सेंटिमीटरची झाली. सुमारे ७५ सेंटिमीटरचे दुपटे हवे असेल तर ७५ भागिले २.२ म्हणजे ३४ चौकटी येतात. येथे ३४ न घेता ३३ किंवा ३५ घ्याव्यात. बाजूची संख्या विषम असली की मधली सर्वांत लांब ओळ विषम क्रमांकाची, म्हणजे साधी येते, आणि वाढ संपून घट सुरू होण्याचा नाजूक टप्पा बॉबलशिवाय पार पडतो. ३३ चौकटींचे दुपटे ७२.६ सेंटिमीटरचे होईल, त्यात ६५ तिरक्या ओळी, १०८९ चौकटी आणि ४८० बॉबल असतील.

या छोट्या नमुन्याच्या वजनावरून मात्र लोकरीचा अंदाज करू नये. त्याच्या २५ चौकटींत फक्त ४ बॉबल असतात, म्हणजे १६ टक्के. ३३ चौकटींच्या दुपट्यात हेच प्रमाण ४४ टक्क्यांवर जाते. साध्या चौकटीत तीन खांब, तर बॉबलच्या चौकटीत दोन पुरे आणि चार अपुरे खांब असतात, त्यामुळे नमुन्यावर विसंबून आणलेली लोकर हमखास कमी पडते.

लोकर आधीच घरात असेल आणि तिच्यातच दुपटे बसवायचे असेल, तर वजनकाटा काढावा. समजा ४०० ग्रॅम लोकर आहे. काठासाठी आणि दोऱ्याची टोके आत घेण्यासाठी ४० ग्रॅम बाजूला ठेवले, तर विणीसाठी ३६० ग्रॅम उरतात. मधल्या सर्वांत लांब ओळीपर्यंत निम्म्याहून थोडे जास्त काम होते. ३३ चौकटींच्या दुपट्यात तोपर्यंत ५६१ चौकटी होतात आणि नंतर ५२८ उरतात. म्हणून साधारण १८५ ग्रॅम लोकर संपेपर्यंत वाढवत जाता येते. दर विषम ओळीच्या शेवटी गुंड्याचे वजन करावे आणि आणखी दोन ओळी विणल्यास ही मर्यादा ओलांडली जाईल असे दिसताच घट सुरू करावी. सरळ विणीत हा निर्णय असा मध्यावर घेता येत नाही.

घट

घटत्या ओळीत नवी सहा साखळ्यांची चौकट करायची नाही. काम उलटल्यावर मागच्या ओळीच्या शेवटच्या चौकटीच्या तीन खांबांच्या डोक्यांवर एकेक स्लिप स्टिच घालत पुढे जावे आणि चौथी स्लिप स्टिच त्या चौकटीच्या साखळीच्या घरात घालावी. तेथे तीन साखळ्या व तीन खांब घातले की ओळीची पहिली चौकट झाली. पुढच्या प्रत्येक घरात नेहमीप्रमाणे चौकट करत जावे, पण शेवटच्या घरात फक्त स्लिप स्टिच घालून थांबावे आणि काम उलटावे. शेवटच्या घरात सवयीने चौकट घातली जाते आणि मग दोन ओळी मागे जाऊन उसवावे लागते. म्हणून घट सुरू झाल्यावर पहिल्या चार ओळी तरी मोजून विणाव्यात. ३३ चौकटींच्या मधल्या ओळीनंतर चौतिसाव्या ओळीत ३२ चौकटी, त्यांतल्या दोन्ही कडांच्या सोडून ३० बॉबलच्या, पस्तिसाव्या ओळीत ३१ साध्या, असे उतरत जावे. स्लिप स्टिच सैल ठेवाव्यात. त्या आवळल्या तर घटत्या बाजूच्या दोन कडा वाढत्या बाजूंपेक्षा आखूड होतात आणि दुपटे पतंगासारखे ताणले जाते. शेवटच्या ओळीत एकच साधी चौकट करून उरलेल्या घरात स्लिप स्टिच घालावी आणि दोरा १५ सेंटिमीटर ठेवून कापावा.

आयताकृती दुपटे हवे असेल तर रुंदी पुरेशी झाल्यावर एका कडेला घट आणि दुसऱ्या कडेला वाढ चालू ठेवावी. वाढीच्या कडेवरून सुरू होणारी ओळ सहा साखळ्यांनी सुरू होते आणि शेवटच्या घरात नुसत्या स्लिप स्टिचने संपते. घटीच्या कडेवरून सुरू होणारी ओळ खांबांवरून सरकून सुरू होते आणि शेवटच्या घरात पूर्ण चौकट करून संपते. या टप्प्यात प्रत्येक ओळीत चौकटी तेवढ्याच राहतात. लांबीची संख्याही विषमच ठेवावी.

दोन रंग वापरण्याची इच्छा असेल, तर रंग दर ओळीला न बदलता दर दोन ओळींनी बदलावा. दोन ओळींनंतर आपण पुन्हा त्याच कडेला येतो, दुसरा रंग तेथेच थांबलेला असतो आणि दोरा कापावा लागत नाही. प्रत्येक रंगाच्या जोडीतली दुसरी ओळ सम असल्यामुळे दोन्ही रंगांत बॉबल येतात.

काठ आणि शेवटचे हात

काठासाठी दुपट्याची सुलट बाजू समोर धरून चारही बाजूंनी मुके खांब घालावेत : प्रत्येक चौकटीच्या कडेवर तीन आणि कोपऱ्यात एकाच जागी तीन. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असल्यामुळे हा आकडा पक्का मानू नये. एका बाजूच्या दहा चौकटी झाल्यावर काम सपाट जागी ठेवून पाहावे; काठ झालरीसारखा उठत असेल तर प्रत्येक तिसऱ्या चौकटीवर दोनच टाके घालावेत, आणि काठ आत ओढला जात असेल तर मधूनमधून चार घालावेत. अशा दोन ओळी पुरतात. बॉबल स्वतःच इतके बोलके असतात, की त्यांच्याशेजारी शंखांची किंवा कंगोऱ्यांची किनार गर्दी करते.

टोके आत घेताना जाड सुईने दोरा किमान पाच सेंटिमीटर एका दिशेने आणि मग थोडा उलट दिशेने न्यावा; ॲक्रिलिक निसरडे असल्यामुळे एकाच दिशेने नेलेले टोक धुतल्यावर बाहेर येते. चपटे राहिलेले बॉबल मागून बोटाने पुढे ढकलावेत. त्यानंतर दुपटे कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि स्वच्छ चादर घातलेल्या गादीवर सुलट बाजू वर ठेवून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवावे. चौरस नीट आला की नाही हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे; ७२.६ सेंटिमीटरच्या दुपट्याचे दोन्ही कर्ण सुमारे १०२.७ सेंटिमीटर भरले पाहिजेत, आणि फरक असेल तर लांब कर्णाची टोके थोडी आत घेऊन पुन्हा टाचावे. ॲक्रिलिकवर इस्त्री किंवा वाफ कधीही देऊ नये, कारण उष्णतेने धागा मेल्यासारखा सैल पडतो आणि एकदा बसलेला बॉबल पुन्हा उठत नाही.

हे दुपटे जाडसर आणि वजनदार होते, म्हणून तान्ह्या बाळाला ते मांडीवर घेताना किंवा बाहेर नेताना गुंडाळायला वापरावे. झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नये. धुताना ते जाळीच्या पिशवीत घालून थंड पाण्यात धुवावे आणि दोरीवर न टांगता आडवे पसरून वाळवावे, कारण ओल्या विणीचे वजन तिला कर्णाच्या दिशेने खाली ओढते आणि चौरसाचा पुन्हा पतंग होतो.